सुबाभूळ तोडायलाही परवानगी का लागते?

30 जून 2021 रोजी मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले आणि तिथल्या बांधावरच्या झाडांचा कायदाच बदलला. ग्रामपंचायत होती तोवर खासगी जमिनीवरच्या झाडांना 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा लागू होता. त्या कायद्याला ठरावीक झाडांची यादी जोडलेली आहे: आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, साग, चंदन वगैरे. सुबाभूळ त्या यादीत नाही.

शहरांसाठीच्या 1975 च्या कायद्यात मात्र अशी यादीच नाही. वर्षानुवर्षे जगणारी, लाकूड धरणारी कोणतीही वनस्पती म्हणजे झाड. अगदी रोप असले तरी. त्यामुळे आपला कडुनिंब आणि मध्य अमेरिकेतून येऊन ओढ्याकाठ व्यापणारी सुबाभूळ, दोन्हींना परवानगी लागते. ‘तोडणे’ या शब्दातही जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे येते. बुंध्यात भोक पाडून औषध ओतणाऱ्यांनी हे नीट वाचावे.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा. पाहणी होते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि झाडावरही नोटीस लागते. हरकतींचा विचार झाल्यावरच निर्णय होतो. वाळलेले, रोगट किंवा जिवाला धोका असलेले झाड असेल तर अर्जात ते कारण स्पष्ट लिहा. कायदा अशा झाडांचा वेगळा विचार करतो. 2021 च्या दुरुस्तीने पन्नाशी ओलांडलेल्या झाडांना प्राचीन वृक्षांचा दर्जा दिला. शिवाय जितके झाडाचे वय, तितकी नवी झाडे लावणे आले. बारा वर्षांची सुबाभूळ गेली, तर बारा रोपे.

गाजर गवत किंवा मुळा-मुठेतली जलपर्णी काढताना हा वृक्षतोडीचा परवाना लागत नाही, कारण त्या लाकूड धरत नाहीत. गाजर गवत तर फुलोऱ्याआधीच उपटावे. परक्या आक्रमक प्रजातींचा उल्लेख वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 च्या दुरुस्तीने आला, पण त्यामुळे आपल्या आवारातल्या सुबाभळीला महापालिकेची परवानगी सुटत नाही.

शहराच्या कायद्याने देशी आणि आक्रमक यांत फरक करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. तोवर ती संधी भरपाईच्या रोपांत आहे. करंज, कडुनिंब, जांभूळ, बहावा निवडा. उंबर लावायचा असेल, तर भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून बराच लांब.