दोन शब्दांत किती अंतर चालेल?

‘उलवे’ आणि ‘मोबदला’ हे दोन शब्द ज्यात आहेत ते सगळे दस्तऐवज द्या, असं संगणकाला सांगितलं की ढीग पुढ्यात पडतो. त्यातल्या निम्म्या कागदांत उलवे पहिल्या पानावरच्या गावांच्या यादीत असतं आणि मोबदल्याची चर्चा शेवटी, भलत्याच गावाबद्दल. बरं, अवतरणचिन्हांत ‘उलवे मोबदला’ असं सलग शोधलं तर हाती काहीच लागत नाही. असं लिहितं कोण?

मी सर्च सॉफ्टवेअरचं काम करते आणि राहते उलव्यातच, खारकोपर स्टेशनजवळ. भूसंपादनाचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांकडचे निवाडे, कोर्टाचे निकाल आणि अर्ज शोधता यावेत, अशी व्यवस्था मी त्यांना करून दिली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या गेल्या. वाढीव मोबदल्याचे दावे त्यातूनच उभे राहिले. १९८४ मध्ये जुन्या भूसंपादन कायद्यात कलम २८-अ आलं. एका खातेदाराला कोर्टाने मोबदला वाढवून दिला, तर त्याच अधिसूचनेत जमीन गेलेल्या पण कोर्टात न गेलेल्या शेजाऱ्यालाही तो मागता येऊ लागला. मुदत मात्र तीन महिन्यांची. २०१३ च्या कायद्यातही ही सोय कलम ७३ मध्ये आहे. म्हणून नेमका निकाल वेळेत सापडणं मला फार मोलाचं वाटतं.

आमचा शोध इलॅस्टिकसर्चवर चालतो. त्याच्या पोटात ल्युसीन आहे, डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेलं. प्रत्येक शब्द कुठल्या दस्तऐवजात आहे आणि तिथे कितव्या जागी आहे, याची ते नोंद ठेवतं. या जागेच्या आकड्यांवरूनच दोन शब्दांमधलं अंतर मोजता येतं.

‘मौजे उलवे येथील खातेदारांना वाढीव मोबदला देण्यात यावा’ या वाक्यात उलवे आणि मोबदला यांच्यामध्ये तीन शब्द आहेत. दुसरं वाक्य पाहा: ‘वाढीव मोबदल्याची मागणी करणारे अर्जदार हे मौजे उलवे येथील रहिवासी आहेत.’ इथे क्रम उलटा आणि मध्ये पाच शब्द. ल्युसीनच्या साध्या ‘सैल’ शोधात क्रम उलटला की दोन जादा मोजावे लागतात, म्हणजे पाचाऐवजी सातांची सूट द्यावी लागते. हे ठाऊक नसलं की ‘पाच दिले तरी सापडत का नाही’ म्हणून माणूस डोकं धरून बसतो. मराठीत शब्दांचा क्रम सहज फिरतो, त्यामुळे क्रमाची अट काढून मधले शब्द तेवढे मोजणारा प्रकार आपल्याला सोयीचा. इलॅस्टिकसर्चमध्ये त्याला इंटरव्हल्स म्हणतात.

शिवाय तो शब्दाच्या सुरुवातीवरूनही शोधतो. ‘उलव’ दिलं की उलवे, उलव्यात, उलव्याच्या सगळं येतं. ‘मोबदल’ दिलं की मोबदल्याची येतं. शब्दाची रूपं ओळखायला इलॅस्टिकसर्चमध्ये तयार असलेल्या भाषांत हिंदी आणि बंगाली आहेत, मराठी नाही. म्हणून हा आडमार्ग. तो बेतानेच वापरावा, कारण ‘वारस’ शोधताना ‘वारसास्थळ’ही येतं. मी ‘वाढीव’ किंवा ‘जादा’, त्याला लागून ‘मोबदल’ असा एक गट करते आणि त्या गटाच्या आठ शब्दांच्या आत ‘उलव’ मागते.

सर्वांत जास्त फायदा झाला तो परिच्छेदांमुळे. शोधासाठी मजकूर फोडताना विरामचिन्हं गळून पडतात आणि एका परिच्छेदाचा शेवटचा शब्द पुढच्याच्या पहिल्या शब्दाला चिकटतो. प्रत्येक परिच्छेद वेगळा घातला, की दोहोंमध्ये आपोआप शंभर जागांची मोकळीक पडते. आठांचा शोध ती ओलांडू शकत नाही. वहाळ गावच्या खातेदारांचा परिच्छेद संपून उलव्याचा सुरू झाला, तर आता त्यांची सरमिसळ होत नाही.

आठ हा आकडा काही शास्त्रातला नाही. वकिलांना ठाऊक असलेले जुने निवाडे समोर ठेवून, ते सगळे सापडेपर्यंत मी अंतर वाढवत नेलं. कोर्टाच्या निकालांतली वाक्यं लांबलचक असतात. तिथे बारा लागतात. अर्जांना पाचही पुरतात.