व्हर्च्युअल मशीनसाठी ड्रायव्हर लिहिताना: बफर परत आल्याशिवाय काम झालं असं समजू नका

"ताई, ड्रायव्हर लिहायला शिकायचं तर आधी कुठलं कार्ड विकत घ्यावं लागेल?" मागच्या सुट्टीत कामठ्याला घरी गेले होते, तेव्हा एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीने विचारलं. उत्तर सोपं आहे: काहीच विकत घ्यायचं नाही. साधा लॅपटॉप, लिनक्स आणि क्यूएमू एवढं पुरतं. कर्नल कोसळला तरी व्हर्च्युअल मशीनच्या आतला कोसळतो, तुमचा लॅपटॉप चालूच राहतो. पण या सोप्या उत्तरात एक मेख आहे आणि तिच्यापायी माझे जवळपास दोन महिने गेले. म्हणून ही पोस्ट.

आधी मूळ कल्पना. व्हर्च्युअल मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टीमला गेस्ट म्हणतात, बाहेरच्या खऱ्या मशीनला होस्ट. गेस्टला नेटवर्क कार्ड हवं असेल तर क्यूएमू एखाद्या खऱ्या कार्डाची नक्कल करू शकतो, उदाहरणार्थ इंटेलचं ई१०००. पण ड्रायव्हरने त्या नकली कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की प्रोसेसरला गेस्ट सोडून होस्टकडे यावं लागतं. याला व्हीएम एक्झिट म्हणतात आणि तो महाग पडतो. खऱ्या कार्डाचा ड्रायव्हर अशी रजिस्टरं पुन्हा पुन्हा वाचतो-लिहितो.

मग नक्कल हवीच कशाला? गेस्टला सरळ सांगू या की इथे कार्ड नाहीये, आपण दोघांना सोयीच्या भाषेत बोलू. हीच व्हर्टआयओ. आयबीएममध्ये असताना रस्टी रसेल यांनी ती मांडली आणि जानेवारी २००८ मध्ये लिनक्स २.६.२४ सोबत ती कर्नलमध्ये आली. पुढे २०१६ मध्ये १.० आवृत्तीला ओएसिसचं अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. हे काम फक्त परदेशातच होतं असं समजू नका. लिनक्समधल्या व्हर्टआयओ कन्सोल ड्रायव्हरची फाइल उघडा. वरच्या कॉपीराइटच्या ओळींत रसेल यांच्यासोबत अमित शाह हे नाव दिसेल. हे तेव्हा पुण्याच्या रेड हॅटमध्ये काम करणारे इंजिनिअर होते. एका कन्सोल डिव्हाइसवर अनेक पोर्ट देण्याचं काम त्यांनी केलं. होस्ट आणि गेस्टमधले क्यूएमू गेस्ट एजंटसारखे प्रोग्राम त्या पोर्टांवरून बोलू शकतात.

आता व्हर्टक्यू, म्हणजे दोघांमधली रांग. तिचे तीन भाग. डिस्क्रिप्टर टेबलमध्ये बफर मेमरीत कुठे आहे आणि किती मोठा आहे ते असतं. अव्हेलेबल रिंगमध्ये ड्रायव्हर लिहितो, "हा बफर घ्या." काम झालं की डिव्हाइस यूज्ड रिंगमध्ये लिहितं, "हा घ्या परत."

आमच्या गोंदिया भागातली राइस मिल डोळ्यांसमोर आणा. तुम्ही रिकामा बारदाना मिलवाल्याकडे दिला, वहीत नोंद केली आणि घंटी वाजवली. या घंटीला व्हर्टआयओत किक म्हणतात. मिलवाला पोती भरतो आणि दुसऱ्या वहीत लिहितो. त्या दुसऱ्या वहीत नोंद होईपर्यंत पोतं तुमचं नाही, मिलवाल्याच्या ताब्यात आहे.

मी नेमकं हेच विसरले. सरावासाठी मी रँडम नंबर देणाऱ्या व्हर्टआयओ डिव्हाइसचा छोटा ड्रायव्हर लिहिला. त्याला एकच रांग असते, म्हणून शिकायला उत्तम. माझा कोड असा चालायचा: बफर घे, रांगेत टाक, किक मार, वेळ नोंदव, बफर मोकळा कर. आकडे झकास आले. मी ग्राफ काढला आणि खूश होऊन गाइडना दाखवला.

गाइडनी एकच प्रश्न विचारला: "होस्टवर वेगाची मर्यादा लाव. आकडा बदलतो का?" क्यूएमूमध्ये या डिव्हाइसला ठरावीक वेळात किती बाइट द्यायचे याची मर्यादा घालता येते. मी ती अगदी कमी केली. आकडा तसाच! डिव्हाइस हळू केलं तरी वेळ बदलत नाही, याचा अर्थ मी डिव्हाइसचा वेळ मोजतच नव्हते. मी फक्त घंटी वाजवायला लागणारा वेळ मोजत होते. बफरमध्ये काय आलं हेही कधी पाहिलं नव्हतं.

आणि मर्यादा लावल्यावर गेस्ट अधूनमधून कोसळायलाही लागला, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. कारण तेच. मी पोतं परत ओढून शेजाऱ्याला दिलं, मिलवाला मात्र त्यातच भरत राहिला. मोकळी केलेली मेमरी कर्नलने दुसऱ्या कोणाला दिली होती आणि होस्ट उशिरा येऊन तिथे लिहीत होता. केएसॅनने हे पकडलं नाही. ते गेस्टच्या स्वतःच्या कोडमधले मेमरी-वापर तपासतं आणि इथे लिहिणारा बाहेरचा होता. शेवटी स्लबचं पॉइझनिंग चालू केलं. त्यात मोकळ्या मेमरीत ठरावीक खूण भरून ठेवतात. ती खूण पुसल्याची तक्रार कर्नलने केली, तेव्हा चोर सापडला.

दुरुस्ती थोडक्यात अशी. किकनंतर थांबायचं. कॉलबॅकमध्ये यूज्ड रिंगमधून बफर परत घ्यायचा आणि मगच घड्याळ थांबवायचं, मगच मेमरी मोकळी करायची. वाट पाहून कंटाळून टाइमआउट झाला, तरी बफर मोकळा करायचा नाही. मॉड्यूल काढताना आधी डिव्हाइस रीसेट, मग मेमरी मोकळी.

नवे आकडे पहिल्यापेक्षा बरेच वाईट होते. जुना ग्राफ अहवालातून काढताना जड गेलं, खोटं कशाला बोलू. पण तो तसाच छापला गेला असता तर?

रिसर्चला येणाऱ्यांना एवढंच सांगते. कुठलाही आकडा दाखवण्याआधी दोन गोष्टी तपासा: घड्याळ नेमकं कुठे थांबतं, आणि ज्याने आकडा बिघडायलाच हवा अशी गोष्ट बदलल्यावर तो खरंच बिघडतो का. सुरुवात करायची असेल तर लिनक्समधला व्हर्टआयओ आरएनजी ड्रायव्हर वाचा. छोटा आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. वाचताना प्रत्येक ओळीला विचारा: या क्षणी बफर कोणाचा आहे?