बंदर: वर्षभराचं ऊन, वर्षभराचा पाऊस

नाशिककरांना दगडी कोळसा दिसतो तो एकलहऱ्याच्या वीज केंद्रात येणाऱ्या रेल्वे वाघिणींतून. आपल्या जिल्ह्याखाली लाव्हाचा काळा पाषाण आहे. राज्यातला कोळसा विदर्भातल्या गोंडवन खडकांत. तिथेच, चंद्रपूर जिल्ह्याच्या चिमूर तालुक्यात, बंदर नावाचा कोळशाचा खाणपट्टा आहे. जून २०२०मध्ये केंद्राने लिलावाला काढलेल्या ४१ खाणींत बंदरचं नाव होतं. ताडोबा-अंधारीच्या वाघांचा येण्याजाण्याचा मार्ग इथून जातो म्हणून जिल्ह्यात विरोध पेटला. राज्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहिलं आणि बंदर यादीतून वगळलं गेलं.

त्या वादात वाघांविषयी पुष्कळ बोललं गेलं. इथल्या हवामानाविषयी मात्र फारच कमी, आणि मला तीच मोठी उणीव वाटते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, चंद्रपूर दोनशेच्याही खाली. समुद्र दूर, जमीन सखल आणि एप्रिल-मेमध्ये वायव्येकडून येणारे कोरडे तप्त वारे. मे २०१९मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. तेंदूपत्ता तोडणारी माणसं पहाटेच जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वाधिक तापणाऱ्या नऊ दिवसांत, तर दुपारी रस्ते ओस पडतात. अशा उन्हात उघड्या खाणीतला धुरळा दाबायला टँकरने मारलेलं पाणी बघता बघता वाळतं. उघडा पडलेला कोळसा हवेतल्या प्राणवायूने आतून तापत जातो आणि आपोआप धुमसू लागतो. जिल्ह्यातल्या जुन्या खाणींना ही आग नवी नाही.

हिवाळ्याची तऱ्हा वेगळी. पहाटे जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार; त्यामुळे धूर आणि धूळ वर न जाता गावावरच रेंगाळते. वारा जवळपास पडलेला असतो.

पण खरा प्रश्न पावसाचा आहे. नाशिक शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, चंद्रपुरात १,२००च्या आसपास. त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये, बंगालच्या उपसागरावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे, एकेका वेळी दोन-तीन दिवस धो धो कोसळतो. तेव्हा खाणीचा खड्डा भरतो, पंपाने उपसलेलं पाणी नाल्यात सोडलं जातं आणि ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या, ढिगाऱ्यांवरची माती वाहून बोड्यांत (गावतळ्यांत), धानाच्या बांध्यांत उतरते. चंद्रपूरशेजारी इरई नदीच्या काठी उभे राहिलेले असे ढिगारे आणि शहरात शिरणारं पुराचं पाणी लोकांनी पाहिलं आहे.

तरीही पर्यावरण परिणाम अहवालासाठी हवा, वारा, धूळ यांची मोजणी साधारणपणे एकाच ऋतूची होते, तीही पावसाळा वगळून. उन्हाळ्याचे तीन महिने मोजले की हिवाळ्यातली साचलेली धूळ मोजणीतून सुटते, आणि सर्वाधिक नासधूस करणारा ऋतू तर मुळातच गाळलेला असतो. चिमूर परिसरात पुन्हा कधी खाणीचा प्रस्ताव आला, तर जनसुनावणीत गावकऱ्यांनी सगळ्यात आधी वर्षभराच्या नोंदी मागाव्यात: कोणत्या महिन्यात वारा कुठल्या गावाकडे वाहतो, एका दिवसात जास्तीत जास्त किती पाऊस पडतो आणि ते पाणी कोणत्या बोडीत जातं.