अकरावी-बारावी विज्ञान : साधने मोजकी, वापर पुरेपूर

महाराष्ट्रात दहावीनंतर विज्ञान शाखेत गेलेल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत एकाहून अधिक परीक्षांची तयारी करावी लागते. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांना मंडळाची बारावी द्यावीच लागते. तिच्या जोडीला अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि कृषी शिक्षणासाठी एमएचटी-सीईटी, आयआयटी-एनआयटीसाठी जेईई आणि वैद्यकीय प्रवेशासाठी नीट असते. या परीक्षांचा अभ्यासक्रम बराचसा सारखा असला, तरी प्रत्येकीची मागणी वेगळी असते. बाजारात डायजेस्ट, क्लासच्या नोट्स, टेस्ट सिरीज आणि व्हिडिओ यांची रेलचेल आहे. त्यामुळे साधन मिळवणे सोपे झाले आहे, पण कोणते साधन कोणत्या कामाचे हे ओळखणे अवघड झाले आहे. त्यातली सर्वांत भरवशाची बरीच साधने सरकारी आणि मोफत आहेत, हे अनेक पालकांना माहीत नसते.

पाठ्यपुस्तक : अभ्यासाचा पाया

पहिले साधन म्हणजे पाठ्यपुस्तक. १९६७ साली पुण्यात स्थापन झालेली ‘बालभारती’ अकरावी-बारावीची पुस्तके तयार करते. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. बारावी मंडळ आणि सीईटी या दोन्हींसाठी हेच मूळ पुस्तक आहे, कारण सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर बेतलेली असते. तिच्यात अकरावीच्या भागाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या भागाला ८० टक्के वजन दिले जाते. अकरावीचे वर्ष ‘आरामाचे’ मानणारी मुले हे २० टक्के तर गमावतातच, शिवाय बारावीच्या प्रकरणांचा पायाही कच्चा ठेवतात.

जेईई आणि नीट देणाऱ्यांसाठी एनसीईआरटीची पुस्तके अनिवार्य आहेत. तीही मोफत मिळतात. नीटच्या जीवशास्त्रात तर एनसीईआरटीतील आकृत्या, तक्ते आणि आकृत्यांखालच्या ओळीसुद्धा बारकाईने वाचाव्या लागतात. धड्याखालचे प्रश्न संपले की एनसीईआरटीचेच ‘एक्झेम्प्लर’ प्रश्नसंच घ्यावेत. ते एक पायरी वरचे असतात. भौतिकशास्त्रात त्यापुढे जायचे असेल तर एच. सी. वर्मा यांचे दोन भागांतले ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ आहे. मात्र पाठ्यपुस्तकातली उदाहरणे सुटत नसताना ते हाती घेऊ नये. छापील पुस्तके हवी असतील तर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी जुनी पुस्तके निम्म्या-पाऊण किमतीत मिळतात. फक्त ती आपल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची आहेत ना, हे आधी पाहून घ्यावे.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला अकरावीत एकदम इंग्रजीतून विज्ञान शिकावे लागते. वेग, त्वरण, संवेग, अपवर्तन या कल्पना त्याला चांगल्या समजलेल्या असतात, पण वर्गात त्या नव्या नावांनी समोर आल्या की विषयच परका वाटू लागतो. यावर उपाय सोपा आहे. बालभारतीचे नववी-दहावीचे विज्ञान मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही भाषांत उपलब्ध आहे आणि दोन्हींतली प्रकरणे एकाच क्रमाने आहेत. दहावीचे गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण दोन्ही पुस्तकांत शेजारी-शेजारी उघडून वाचले की संज्ञांच्या जोड्या आपोआप तयार होतात. अकरावीचे वर्ग सुरू होण्याआधीच्या सुटीत असे पाच-सहा धडे केले, तरी पहिल्या सत्रातला निम्मा गोंधळ टळतो. शिवाय जेईई मेन आणि नीट या दोन्ही परीक्षांची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. सीईटीत गणित वगळता इतर विषय मराठीतून देता येतात. कोणती भाषा घ्यायची, हे अर्ज भरण्याच्या दिवशी न ठरवता सरावाच्या काळातच ठरवावे.

जुन्या प्रश्नपत्रिका : परीक्षेचा स्वभाव

पाठ्यपुस्तक काय शिकायचे ते सांगते. ते कसे विचारले जाईल, हे जुन्या प्रश्नपत्रिकांवरून कळते. बारावीचा भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि तीन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला सुमारे अडीच मिनिटे मिळतात. सीईटीत भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना वेगळी ९० मिनिटे असतात. २०२५च्या आराखड्यानुसार नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न, तर जेईई मेनमध्ये तेवढ्याच वेळात ७५ प्रश्न होते. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक वजा होतो, म्हणून तिथे अंदाजाने उत्तरे ठोकणे महागात पडते.

एकच घटक दोन परीक्षांत कसा येतो ते पाहावे. बारावी भौतिकशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात तिरप्या पृष्ठावरून घरंगळणाऱ्या वस्तूचे त्वरण दिले आहे. मंडळाच्या परीक्षेत ते सूत्र सिद्ध करायला येते. आकृती, गृहीतके आणि प्रत्येक पायरी लिहावी लागते, आणि गुण पायऱ्यांना मिळतात. सीईटीत त्याच सूत्रावर असे विचारले जाऊ शकते : रिंग, चकती आणि भरीव गोल एकाच उंचीवरून एकाच वेळी सोडले, तर खाली आधी कोण पोहोचेल? न घसरता घरंगळताना त्यांचे त्वरण घर्षणरहित उतारावरून घसरणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या अनुक्रमे १/२, २/३ आणि ५/७ पट असते. म्हणून गोल आधी, मग चकती आणि शेवटी रिंग. वस्तुमान आणि त्रिज्या यांचा इथे संबंधच येत नाही. ज्याने सिद्धता समजून केली आहे त्याला हे उत्तर मिनिटभरात सुचते. सिद्धता नुसती पाठ केलेला विद्यार्थी आकडेमोडीत अडकतो. मंडळाचा अभ्यास आणि प्रवेश परीक्षेचा अभ्यास एकमेकांना पूरक आहेत, हे अशा प्रश्नांतून स्पष्ट होते.

जेईई आणि नीटच्या प्रश्नपत्रिका व उत्तरसूची राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, आपल्या संकेतस्थळावर देते. संगणकावर सरावासाठी तिथे मॉक टेस्टही आहेत. ज्यांना याहून खोल आव्हान हवे, त्यांनी मुंबईतल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिंपियाड प्रश्नपत्रिका पाहाव्यात.

प्रयोग आणि व्हिडिओ

बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, तरीही जर्नल एकमेकांचे पाहून उतरवण्याची प्रथा पडली आहे. महाविद्यालयात प्रयोगाला पुरेसा वेळ मिळत नसेल, तर सी-डॅक आणि अमृता विश्व विद्यापीठ यांनी मिळून उभारलेल्या ‘ओलॅब्स’वर नववी ते बारावीचे प्रयोग संगणकावर करता येतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातली अनेक प्रतिरूपे मराठीतही आहेत. विद्युतमंडल जोडून रोध बदलला की प्रवाह कसा बदलतो, हे तिथे डोळ्यांसमोर दिसते. खऱ्या प्रयोगशाळेची जागा ही साधने घेत नाहीत, मात्र तोंडी परीक्षेची तयारी त्यांनी चांगली होते.

मोफत शिकवणीसाठी आयआयटी कानपूरच्या सहकार्याने केंद्र सरकारने सुरू केलेले ‘साथी’ हे व्यासपीठ, ‘दीक्षा’ आणि ‘स्वयंप्रभा’च्या दूरचित्रवाणी वाहिन्या आहेत. गावात इंटरनेटची रड असेल तर या वाहिन्या विशेष उपयोगी पडतात. व्हिडिओबाबत एक पथ्य पाळावे : एका विषयाला एकच शिक्षक निवडावा आणि व्हिडिओ संपताच त्याच घटकावरची पाच उदाहरणे स्वतः सोडवावीत. नुसते पाहून ‘समजले’ असे वाटते, पण ते परीक्षेपर्यंत टिकत नाही.

चुकांची वही

सर्वांत स्वस्त साधन विद्यार्थ्याला स्वतःच तयार करावे लागते. प्रत्येक सराव चाचणीनंतर चुकलेला प्रश्न, चुकीचे कारण आणि योग्य पद्धत एका वहीत लिहावी. कारणे ढोबळपणे तीन असतात : संकल्पना कच्ची होती, आकडेमोड चुकली किंवा प्रश्न नीट वाचला नाही. दर रविवारी ही वही झाकून तेच प्रश्न पुन्हा सोडवावेत.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. पुस्तक मिटून आठवणे, हाही अभ्यासच आहे.

निवड आणि मर्यादा

प्रत्येक विषयाला एक पाठ्यपुस्तक, एक सरावपुस्तक, एक प्रश्नपत्रिका संच आणि एक चुकांची वही पुरेशी आहे. अभ्यासक्रम आणि गुणांचा आराखडा अधूनमधून बदलतो, म्हणून तो दरवर्षी राज्य मंडळ, सीईटी कक्ष आणि एनटीए यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरच तपासावा. फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशांवर विसंबू नये. घरात जागा नसेल तर गावातले ग्रंथालय किंवा अभ्यासिका गाठावी.

झोप तोडून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशीच्या पेपरात उपयोगी पडत नाही. मुलगा किंवा मुलगी गप्प राहू लागली, जेवण-झोप बिघडली, तर पालकांनी गुणांची चौकशी बाजूला ठेवून आधी तिच्याशी बोलावे. गरज वाटली तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे. पालकांनी आणखी एखादा महागडा संच विकत आणण्यापूर्वी घरात असलेल्या पुस्तकातली किती उदाहरणे मुलाने स्वतः सोडवली आहेत, हे त्याच्याजवळ बसून पाहावे.