सात काड्या, तीन रंग आणि पावसाचा आकडा

कर्जतला जाणाऱ्या लोकलच्या कपाळावर 'एस' हे अक्षर असते, कसाऱ्याच्या गाडीवर 'एन' आणि खोपोलीच्या गाडीवर 'केपी'. ही अक्षरे सात काड्यांच्या आकडेदर्शकावर दाखवायची म्हटली तर 'के' आणि 'एन' नीट बसत नाहीत. 'एस' बसतो, पण तो हुबेहूब इंग्रजी पाचाच्या आकड्यासारखा दिसतो. आपले देवनागरी आकडे तर त्यात मावतच नाहीत. इतके तोकडे असूनही हे साधन घड्याळापासून वजनकाट्यापर्यंत सगळीकडे टिकून आहे, कारण शून्य ते नऊ हे दहा आकडे ते स्वस्तात आणि लांबून दिसतील असे दाखवते.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत असा लांबून दिसायला हवा असा एक आकडा आहे, तो म्हणजे पावसाचा. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ताच राहिली, तेव्हा शोधकार्य थांबवावे लागले. पाऊस मोजल्याने दरड थांबत नाही आणि ती कधी कोसळेल हेही पर्जन्यमापक सांगत नाही. पण 'आज फार पडतोय' आणि 'सकाळपासून १८० मिलिमीटर पडला' या दोन वाक्यांत फरक आहे. पहिल्या वाक्यावर वाद होतो, दुसऱ्यावर निर्णय घेता येतो.

वाडीतल्या शाळेच्या पडवीत लावता येईल अशी पावसाची रंगीत पाटी विद्यार्थ्यांना बनवता येते. ती मायक्रोकंट्रोलरला कशी जोडायची, हा या लेखाचा विषय. आकडा पेटवणे त्यातला सोपा भाग आहे. पेटलेला आकडा कधीही खोटे बोलणार नाही याची तजवीज करणे, हे खरे काम.

काड्यांचे गणित

आकडेदर्शकातली प्रत्येक काडी, म्हणजे सेगमेंट, हा एक एलईडी दिवा असतो. सात काड्या आणि दशांशाचा ठिपका मिळून आठ दिवे. बहुरंगी दर्शकात प्रत्येक काडीच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात. म्हणजे एका आकड्यात २४ दिवे झाले. त्यांची एक एक बाजू आतच एकत्र जोडलेली असते. धन बाजू एकत्र असेल तर 'कॉमन अॅनोड' आणि ऋण बाजू एकत्र असेल तर 'कॉमन कॅथोड'. दोन्ही प्रकार दिसायला सारखेच असतात. म्हणून लॅमिंग्टन रोडवर खरेदी करताना दुकानदाराला प्रकार स्पष्ट विचारावा आणि घरी आल्यावर मल्टिमीटरच्या डायोड तपासणीने खात्री करून घ्यावी. पुढची जोडणी कॉमन अॅनोड दर्शकाची आहे.

पावसासाठी तीन आकडे पुरतात. २६ जुलै २००५च्या महापावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली, तीही तीन आकड्यांतच बसते. पण तीन आकड्यांना प्रत्येकी २५ तारा धरल्या तर ७५ तारा होतात, आणि आर्डुइनो ऊनो या सर्वपरिचित बोर्डावर वापरता येण्याजोग्या पिना आहेत अवघ्या २०. हा पेच दोन युक्त्यांनी सुटतो.

पहिली युक्ती मल्टिप्लेक्सिंगची. तिन्ही आकड्यांच्या सारख्या काड्या एकमेकींना समांतर जोडायच्या आणि एका वेळी एकच आकडा पेटवायचा. प्रत्येकाला ३ मिलिसेकंद दिले तर ९ मिलिसेकंदांत फेरी पूर्ण होते, म्हणजे सेकंदाला साधारण १११ फेऱ्या. डोळ्याला ही उघडझाप कळत नाही, तिन्ही आकडे एकदमच पेटलेले दिसतात. तारा ७५ वरून २७ वर आल्या: काड्यांच्या २४ आणि आकडा निवडण्याच्या ३.

दुसरी युक्ती शिफ्ट रजिस्टरची. ७४एचसी५९५ ही चिप एका तारेवरून एकामागून एक आलेले आठ संकेत साठवते आणि हुकूम मिळताच आठ पिनांवर एकदम मांडते. अशा तीन चिपा साखळीने जोडल्या की २४ काड्या सांभाळल्या जातात, आणि बोर्डाकडून फक्त तीन तारा लागतात: माहिती, ठेका आणि मांडणीचा हुकूम. साखळीत आधी पाठवलेला आठांचा गठ्ठा सर्वांत लांबच्या चिपेत जाऊन बसतो, हे लक्षात ठेवले की रंगांची अदलाबदल होत नाही. एकूण २७ तारांचे काम आता बोर्डाच्या ६ पिनांवर भागते.

विजेचा हिशेब

एलईडीला वीज मोजूनमापून द्यावी लागते. लाल दिव्यावर साधारण २ व्होल्ट खर्ची पडतात, हिरव्या-निळ्यावर सुमारे ३.२. पुरवठा ५ व्होल्टचा आहे आणि त्यातले ०.२ ट्रान्झिस्टरवर जातात असे धरू. लाल काडीला ३९० ओहमचा रेझिस्टर लावला तर २.८ भागिले ३९०, म्हणजे सुमारे ७ मिलिअँपिअर प्रवाह येतो. हिरव्या-निळ्या काडीला २२० ओहम लावला तर १.६ भागिले २२०, म्हणजे तेवढाच. दोन वेगळी मूल्ये घेण्याचे कारण हेच. एकच मूल्य सगळीकडे लावले तर लाल रंग बाकीच्यांवर मात करतो.

७ हा आकडाही सहज निवडलेला नाही. ७४एचसी५९५ चिपेतून एकूण ७० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊ देऊ नये. आठ काड्या गुणिले ७ म्हणजे ५६, मर्यादेच्या आत. रेझिस्टर प्रत्येक काडीला स्वतंत्र हवा. सामाईक तारेवर एकच बसवला तर '१' झगझगीत आणि '८' मंद दिसतो, कारण तोच प्रवाह कधी दोन काड्यांत तर कधी सातांत वाटला जातो.

आकड्याच्या सामाईक टोकातून मात्र सगळ्या काड्यांचा प्रवाह जातो. २४ दिवे पेटले तर तो १६८ मिलिअँपिअर होतो, आणि बोर्डाची एक पिन ४० च्या वर सोसत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला एक पीएनपी ट्रान्झिस्टर द्यायचा. नेहमीचा बीसी५५७ हा १०० मिलिअँपिअरचा आहे, तो इथे अपुरा. २एन२९०७ घ्यावा. त्याचा एमिटर ५ व्होल्टला, कलेक्टर आकड्याच्या सामाईक टोकाला आणि बेस ४७० ओहममधून बोर्डाच्या पिनेला. पिन शून्यावर आली की आकडा पेटतो. काड्यांचेही तसेच: चिपेची पिन शून्यावर असताना काडी उजळते. प्रत्येक चिपेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवायला विसरू नये.

आकडा खोटे कधी बोलतो?

इथवरची जोडणी कोणत्याही घड्याळाला चालेल. आपल्या पाटीवर मात्र लोक घर सोडायचे की नाही याचा विचार करणार आहेत. म्हणून चार ठिकाणी अधिक काळजी हवी.

एक, भूत. एक आकडा विझवून दुसरा पेटवताना ट्रान्झिस्टर बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात नव्या काड्या मांडल्या गेल्या तर जुन्या आकड्यावर त्यांची फिकट सावली उमटते. '३' वर अशी सावली पडली की लांबून तो '८' वाटतो. उपाय क्रमाचा आहे: आधी तिन्ही आकडे बंद करायचे, क्षणभर थांबायचे, मग नवी माहिती मांडायची आणि शेवटी पुढचा आकडा चालू करायचा.

दोन, जागे होतानाचा गोंधळ. वीज आल्यावर बोर्ड शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या पिना अधांतरी असतात आणि चिपांमध्ये काहीही भरलेले असते. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या बेसपासून ५ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की तोवर पाटी काळोखी राहते.

तीन, थांबलेला प्रोग्रॅम. नवशिका हमखास 'एक सेकंद थांब' अशी आज्ञा लिहितो. मल्टिप्लेक्सिंगमध्ये त्या सेकंदात एकच आकडा पेटलेला राहतो, आणि २०४ च्या जागी नुसता ४ दिसतो. आकडे फिरवण्याचे काम दर मिलिसेकंदाला वाजणाऱ्या टायमरवर सोपवावे आणि माहिती बोर्डाच्या एसपीआय यंत्रणेने पाठवावी, म्हणजे ते काही मायक्रोसेकंदांत उरकते. प्रोग्रॅम अडकलाच तर त्याला पुन्हा सुरू करणारा वॉचडॉगही चालू ठेवावा.

चार, हरवलेली मोजणी. डोलणाऱ्या पात्राच्या पर्जन्यमापकात ठरावीक पाणी साठले की पात्र कलंडते आणि चुंबकाने एक स्विच क्षणभर जुळतो. नेहमीचे प्रमाण ०.२ मिलिमीटरला एक कलंडणे. पावसाळ्यात वीज जाणारच, म्हणून मोजणी बोर्डाच्या ईईप्रॉम स्मृतीत ठेवावी. तिथल्या एका कप्प्यात सुमारे १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. हंगामाचा पाऊस ३५०० मिलिमीटर धरला तर १७,५०० कलंडणी होतात, म्हणजे एकच कप्पा सहाव्या हंगामात हमीबाहेर जाईल. कप्पे आलटूनपालटून वापरले की हा प्रश्न उरत नाही.

रंगाचा अर्थ

भारतीय हवामान विभागाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांत येतात. ते पुढच्या अंदाजाचे असतात, आपली पाटी मात्र पडून गेलेल्या पावसाची. तरी रंग ओळखीचे असावेत म्हणून विभागाच्या दिवसभराच्या पावसाच्या वर्गवारीशी ते जुळवता येतात: ६४.५ मिलिमीटरच्या खाली हिरवा, ६४.५ ते ११५.५ या मुसळधार पावसाला पिवळा, ११५.६ ते २०४.४ या अति मुसळधार पावसाला नारिंगी आणि त्यापुढे लाल. विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ला बदलतो. त्यासाठी स्वतःची बॅटरी असलेली डीएस३२३१ ही घड्याळाची चिप जोडावी.

लाल आणि हिरवे मिळून पिवळा होतो, पण नारिंगी वेगळा कसा दिसावा? आकड्याच्या ३ मिलिसेकंदांचे तीन भाग करायचे. लाल तिन्ही भागांत पेटवायचा. हिरवा दोन भागांत पेटवला की पिवळा, एका भागात पेटवला की नारिंगी. हिरवा डोळ्याला अधिक उजळ भासतो, त्यामुळे शेवटची जुळवाजुळव डोळ्यानेच करावी.

निळा रंग उरला. तो तीन दिवसांच्या बेरजेसाठी ठेवावा. डोंगरउतारावरची माती एका सरीने नव्हे, दिवसेंदिवस मुरलेल्या पाण्याने जड होते. काही सेकंद आजचा आकडा, काही सेकंद निळी बेरीज. बेरीज ९९९ च्या पुढे गेली तर चुकीचा आकडा दाखवण्याऐवजी तीन आडव्या काड्या दाखवाव्यात.

काही जणांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, पुरुषांत हे अधिक आढळते. म्हणून रंग नेहमी आकड्याच्या जोडीला हवा, त्याच्या जागी नको. लाल पातळीवर आकडा मंदपणे लुकलुकवला तर त्यांनाही इशारा पोचतो. आणि पाटीखाली मोठ्या अक्षरांत लिहावे: हिरवा म्हणजे धोका नाही, असा अर्थ नाही.

जोडणी झाल्यावर पाटीची परीक्षा पावसाळ्याआधी घ्यावी. नरसाळ्याचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे असेल तर १ लिटर पाणी म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस. ते थेंबाथेंबाने सोडावे, पात्र २५० वेळा कलंडायला हवे आणि पाटीवर ५० यायला हवे. मध्येच वीज काढून पुन्हा लावावी. तरीही ५० च आले, तर ती पाटी पडवीत टांगायला हरकत नाही.