गंधकाचे वलय आणि मायक्रोवेव्हची आच

स्टेंट बसविलेल्या रुग्णाला आपण क्लोपिडोग्रेल लिहून देतो आणि छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला ओलान्झापिन. या दोन औषधांचे नाते ते काय? रेणूंची आकृती काढून पाहिली, की दोहोंत एकच पंचकोनी वलय आढळते : चार कार्बन व एक गंधक. हेच थायोफिन. व्हिक्टर मायर यांना १८८२ मध्ये ते अपघातानेच सापडले. बेन्झिनची म्हणून प्रसिद्ध असलेली निळ्या रंगाची परीक्षा शुद्ध बेन्झिनवर फसली. रंग देत होता तो डांबरातून आलेल्या बेन्झिनमध्ये दडलेला हा सोबती.

ॲल्डिहाइड किंवा कीटोन, एक नायट्राइल आणि साधी गंधकाची पूड यांपासून हे वलय बांधण्याची रीत कार्ल गेवाल्ड यांनी १९६० च्या दशकात दिली. ओलान्झापिनमधील थायोफिन याच रीतीने घडविता येते. मात्र अशा अनेक प्रक्रियांना तासन्‌तास उष्णता द्यावी लागते.

१९८६ मध्ये कॅनडा व अमेरिकेतील दोन गटांनी घरगुती मायक्रोवेव्ह भट्टीत सेंद्रिय प्रक्रिया काही मिनिटांत उरकून दाखविल्या. पुढे या लहरींत काही गूढ शक्ती असल्याचेही बोलले गेले. काटेकोर तापमान मोजल्यावर ते बव्हंशी टिकले नाही. कारण साधे आहे. बंद नळीत द्रावक आपल्या उत्कलनबिंदूच्या बराच वर तापतो. दर दहा अंशांना वेग दुप्पट, हा ढोबळ हिशेब धरला, तर ८० अंशांवर अठरा तास घेणारी प्रक्रिया १६० अंशांवर चार-पाच मिनिटांत संपते. (घरच्या भट्टीत हा प्रयोग कोणी करू नये, दाब मोजण्याची सोय नसल्याने नळी फुटते.)

प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रेरणेतून १९०७ मध्ये अलेम्बिक उभे राहिले, तेव्हापासून बडोद्याला औषधनिर्मितीचे अप्रूप नाही. आणि मकरपुऱ्यात तर औद्योगिक वसाहत आपल्या दाराशीच आहे. मग मोठ्या कारखान्यांतून ही भट्टी सर्रास का दिसत नाही? या लहरी द्रवात काही सेंटिमीटरच शिरतात. हजारो लिटरच्या पात्राला वाफेचीच आच बरी. मायक्रोवेव्हचे खरे क्षेत्र संशोधकाचे टेबल : एका दिवसात दहा-वीस नवे रेणू करून पाहणे.

परंतु असा रेणू शरीरात गेल्यावर वलयाचे काय होते, हे नळीत कळत नाही. टिएनिलिक आम्ल हे थायोफिनयुक्त मूत्रल औषध. यकृतात त्याच्या वलयाचे ऑक्सिडीकरण होऊन ते थेट विकरालाच चिकटे. यकृतदाहामुळे १९८० मध्ये अमेरिकेत ते मागे घ्यावे लागले. क्लोपिडोग्रेलमध्ये तीच खोड उपयोगी पडते. गोळीचा सुमारे ८५ टक्के भाग निष्क्रिय होतो; उरलेल्याचे वलय यकृत फोडते आणि मोकळा झालेला गंधक प्लेटलेटच्या ग्राहीला कायमचा जखडतो. ज्यांच्यात सीवायपी२सी१९ हे विकर जन्मतः दुबळे, त्यांच्यात वलय पुरेसे फुटत नाही व गोळी घेऊनही रक्त गोठण्याचा धोका राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये याविषयी वेष्टनावर चौकटीतला इशारा घालावयास लावला. आपल्याकडेही या विकराचे दुबळे रूप दुर्मिळ नाही.