पहाणीत नाव नसलेले

हैदराबाद राज्याचा कूळ व शेतजमीन कायदा 1950 मध्ये आला, तेव्हा आज कर्नाटकात असलेला आळंद तालुका त्याच राज्यात होता. 1956 नंतर तालुका म्हैसूरकडे गेला आणि जमीन सुधारणा कायद्यातील 1974 च्या दुरुस्तीने कुळांना मालक होण्याची वाट मिळाली. दोन्ही वेळा हक्क मिळाला तो कूळ असल्याचे सिद्ध करू शकणाऱ्यालाच. रोजंदारीवर तूर खुरपणाऱ्या बाईचा त्यात विचार नव्हता. स्वच्छ ऊर्जेच्या वाटचालीत कायदा जिथे तोकडा पडतो, ती उणीव इतकी जुनी आहे.

वीज क्षेत्राचा अनुभव वेगळा नाही. 2002 मध्ये गुलबर्गा वीज पुरवठा कंपनी झाली. पुढच्याच वर्षीच्या केंद्रीय वीज कायद्यातील कलम 133 ने हस्तांतरात कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना धक्का लावण्यास मनाई केली. म्हणजे मालक बदलताना हक्क राखणे कायद्याला जमते, मात्र हजेरीपटावर नाव असेल तर. रायचूरच्या 1720 मेगावॉटच्या कोळसा केंद्रावर उद्या संक्रांत आली, तर कायम कामगाराला भांडायला काही आधार आहे. कंत्राटदाराच्या माणसाला फारसा नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्याने मात्र मोठे पाऊल टाकले. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूरही ‘बाधित कुटुंब’ ठरला. पण कर्नाटकात पावगडचे 2050 मेगावॉटचे सौर उद्यान उभे राहिले ते सुमारे 13 हजार एकर भाडेपट्ट्यावर घेऊन. मालकाला सुरुवातीला एकरी वर्षाला 21 हजार रुपये ठरले आणि त्यात दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ मिळते. संपादनच नसल्याने मजुराचे कलम लागू झाले नाही. कायदा मोडावा लागला नाही, त्याला वळसा पुरला. आळंदसारख्या कोरडवाहू तालुक्यात हाच नमुना सोयीचा ठरणार, हे उघड आहे.

यावर म्हणतात, सौर प्रकल्प रोजगार देतो. देतो, पण उभारणीचे काही महिने; नंतर उरतात राखणदार आणि पॅनेल धुणारे. मजुरांनाही भरपाई दिली तर वीज महागेल, हा आक्षेप अधिक गंभीर. पण भरपाईची अट निविदेतच असेल, तर सर्व बोलीदारांवर भार सारखाच पडतो आणि तो दरात आधीच धरता येतो. राहिला प्रश्न, पहाणीत, म्हणजे जमिनीच्या नोंदपत्रकात, नाव नसलेला मजूर ओळखायचा कसा? त्यासाठी ग्रामपंचायतीत रोजगार हमीच्या जॉबकार्डांच्या नोंदी आहेत, आणि ग्रामसभेत त्या पडताळता येतात.